चर खणले, झाडं लावली, सांडवा कुठंय?

पहिला जोराचा पाऊस यायच्या आत एकच काम होणार असेल, तर ते हे करा : शेतातल्या प्रत्येक समपातळी चराला (उताराला आडवा, एका पातळीत खणलेला चर) सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायची ठरवलेली वाट, आहे का ते बघून या. नसेल तर आजच काढा. रोपं मागाहून लावता येतात, आच्छादन मागाहून पसरता येतं, आणलेली कलमं आठवडाभर सावलीत तग धरतात. पाणी मात्र तुमच्यासाठी थांबणार नाही.

परमाकल्चर, म्हणजे निसर्गाच्या रीतीनं शेताची आखणी, शिकून शेतात उतरलेली माणसं बरीच पाहिली. कष्टाला मागं हटत नाहीत, वाचनही असतं. उतारावर चर खणतात, खणलेली माती खालच्या बाजूला टाकून झालेल्या वरंब्यावर फळझाडं लावतात, मध्ये शेंगवर्गीय झुडपं घालतात. मग एका रात्री ढग फुटल्यासारखा पाऊस येतो आणि सगळ्यात वरचा चर फुटतो. तो फुटला की त्यातलं साठलेलं पाणी एकदम दुसऱ्यावर येतं. दुसरा आधीच काठोकाठ असतो, तोही जातो. खालच्या बांधाशी येईपर्यंत त्या पाण्यानं शेतात घळ पाडलेली असते, कलमं उघड्या मुळांनिशी पडलेली असतात आणि वरची कसदार माती शेजाऱ्याच्या वावरात गेलेली असते. चर खणलेच नसते, तर इतकं नुकसान झालं नसतं. ऐकायला कडू आहे, पण असंच होतं.

आता हिशेब बघा. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. एकर म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर एकरावर २ लाख लिटर आलं. जमीन आधीच भिजलेली असेल तर त्यातलं निम्मं वाहायला लागतं, म्हणजे १ लाख लिटर. तुमचा चर ६० मीटर लांब, सरासरी १ मीटर रुंद, अर्धा मीटर खोल असला तर त्यात मावतं ३० हजार लिटर. उरलेल्या ७० हजार लिटरचं काय करायचं, हे तुम्ही ठरवलं नाही तर पाणी ठरवतं, आणि ते नेहमी भरावाची सगळ्यात कच्ची जागा निवडतं. उंदराचं बीळ, बैल ओलांडून जातात ती खाच, कुजलेल्या खोडावर टाकलेली माती, असली एखादी जागा त्याला बरोबर सापडते.

‘पाणी अडवा, पसरवा, जिरवा’ एवढंच शिकलेला माणूस सांडव्याकडे पाणी वाया जाण्याची वाट म्हणून बघतो. खरी चूक तिथं आहे. ऑस्ट्रेलियात पी. ए. योमन्स यांनी १९५०च्या दशकात उतारावरच्या पाण्याची जी मांडणी रूढ केली, तिच्यातही तळं भरल्यावर पाणी कुठं जाणार हे धरलेलं असतं. पुढं १९७०च्या दशकात टास्मानियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी परमाकल्चर हे नाव आणि त्याची चौकट घडवली. तीही आधी जागा वाचायला सांगते : पाणी कुठून येतं, वारा कुठला, आगीचा धोका कुठून, ऊन कसं फिरतं. शिकताना हा भाग कंटाळवाणा वाटतो, आणि झाडांच्या याद्या गोड वाटतात.

सांडवा असा काढा

जागा निवडताना भराव टाळा. चराच्या एका टोकाला, जिथं मूळची न हललेली टणक जमीन आहे, तिथं काढा. ताज्या टाकलेल्या मातीवर सांडवा म्हणजे फुटायची जागा आपल्याच हातानं दाखवून देणं.

सांडव्याचा तळ वरंब्याच्या माथ्यापेक्षा १५ ते २० सेंटीमीटर खाली हवा. वरंबा पहिल्या पावसात दबतो, म्हणून मी २५ धरायला सांगतो.

रुंदीचं गणित असं : तासाला १०० मिलिमीटर वेगाचा पाऊस, त्यातलं निम्मं वाहून आलं आणि सांडव्यावरून १० सेंटीमीटर जाडीचं पाणी गेलं, तर एकरामागं सुमारे १ मीटर रुंदी पुरते. हे कागदावरचं. पालापाचोळा अडकतो, गवत वाढतं, वरच्या शेतातून तुमच्या हिशेबात नसलेलं पाणी येतं. दुप्पट करा. सांडवा मोठा झाला म्हणून शेत वाहून गेलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

तळ सपाट आणि पातळीत ठेवा. मधोमध खोलगट झाला तर सगळं पाणी तिथूनच धाव घेतं आणि खणत जातं. वर दगडांचा थर बसवा, फटींत मुळं घट्ट धरणारं गवत लावा. वाळा असेल तर उत्तम. पाणी जिथं पडतं तिथंही दगड हवेत. पुढं ते दुसऱ्या चरात न्या किंवा गवताळ नालीतून ओढ्याला सोडा. घर, गोठा आणि शेजाऱ्याची विहीर या दिशेला चुकूनही नको. शेजाऱ्याशी आधी बोला.

पातळी

सांडवा असूनही चर फुटतो, तो पातळी चुकल्यानं. नजरेनं आखलेली ओळ कधीच पातळीत नसते. त्यासाठी लेझरचं यंत्र लागत नाही. २-२ मीटरच्या दोन काठ्या वर बांधा, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड लोंबता सोडा. दोन पाय दोन खुंट्यांवर ठेवून आडव्या काठीवर दोरी येते तिथं खूण करा. मग पाय अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन्हींच्या बरोबर मध्ये दोरी आली की जमीन पातळीत. वारा असताना हे काम करू नका, दगड झुलतो आणि मन मानेल तसं वाचलं जातं.

चर खणून झाले असतील तर पहिली हलकी सर फुकटची तपासणी आहे. पाऊस थांबताच फिरा. पाणी एका कोपऱ्यात साचलं असेल तर दुसरं टोक उंच आहे. कुदळीनं तळ सारखा करा, त्याच दिवशी.

उतार १५ टक्क्यांच्या वर असेल तर चरच नको. तिथं दगडी ताली, गवताच्या ओळी आणि झाडं. फुगणारी काळी चिकण जमीन असेल तर चर उथळ ठेवा आणि फळझाड वरंब्याच्या माथ्यावर लावा, चरात कधीच नाही. अशा मातीत दोन-तीन दिवस पाणी तुंबलं तरी पपईसारखी झाडं बुंध्याशी कुजतात. पानं पिवळी पडली की लोक खत घालतात. आधी बुंध्याशी उकरून वास घ्या, आंबूस आला तर पाण्याचा निचरा करा.

काय विकत घेऊ नका

परमाकल्चरच्या नावानं हल्ली तयार किट, पाणी धरून ठेवणारी पावडर, जीवाणूंच्या रंगीत बाटल्या आणि ड्रोनचा नकाशा गळ्यात मारला जातो. नकाशा वाईट नसतो, पण त्यात तुमच्या बांधावरचं बीळ दिसत नाही. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : माझ्या शेतातलं जास्तीचं पाणी कुठून बाहेर जातं? उत्तर आलं नाही तर बाटली तिथंच ठेवा. तोच पैसा दगड आणि दोन माणसांच्या मजुरीला घाला.

नेहमीची कामं

- हिरवळीचं खत : ताग किंवा धैंचा, फुलोऱ्यावर येताच गाडणे
- शेंगवर्गीय बियाण्यास रायझोबियम (मुळांवर नत्र धरणारे जीवाणू) : १० किलोस २५० ग्रॅम, सावलीत सुकवून पेरणी
- ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) : १ किलो, १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर ओलसर झाकून, मग बुंध्याशी
- कंपोस्ट : कोरडा आणि हिरवा थर आलटून पालटून, मुठीत दाबल्यावर थेंब दिसेल एवढीच ओल
- आच्छादन : १० सेंटीमीटर, खोडापासून वीतभर लांब
- बियाण्याची उगवण तपासणी
- छपराची पन्हाळ साफ. १०० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५ हजार लिटर, टाकीलाही सांडवा ठेवणे

आच्छादनाखाली पावसात गोगलगायी आणि वाळवी दोन्ही येतात. गोगलगायींसाठी संध्याकाळी ओलं पोतं टाकून सकाळी वेचा. पानं खाणाऱ्या अळ्या लहान असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा : ५ किलो निंबोळी भरडून रात्रभर पाण्यात भिजत घाला, गाळून १०० लिटर करा. ऊन उतरल्यावर मारा, सकाळी केलेला दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. माझा अंदाज असा की चर तुंबलेल्या शेतात बुरशी आणि अळी दोन्ही जास्त दिसतात, याला माझ्याकडं मोजमाप नाही, नजर आहे.

शिकणाऱ्यांसाठी

परमाकल्चरचा रूढ अभ्यासक्रम ७२ तासांचा असतो. त्यात शून्य ते पाच पट्ट्यांची मांडणी, म्हणजे घराजवळ रोज लागणारं आणि दूर क्वचित लागणारं, चांगली शिकवतात. पण एक पूर्ण पावसाळा आपल्या जमिनीवर काढल्याशिवाय मोठी खुदाई करू नका. पहिल्या वर्षी एकच चर, सगळ्यात वरचा, छोटा, सांडव्यासकट. पावसात खुंट्या ठोका, पाणी कुठवर आलं त्याची खूण ठेवा. दुसऱ्या वर्षी त्या खुणांवरून पुढचा आखा. वरून खाली या; खालून सुरुवात केलेले सगळ्यात आधी वाहून जातात.

आणि रात्री चर भरलाच तर

विजा चमकत असतील तर घरातून बाहेर पडू नका. पडला असाल तर वरंब्याच्या खालच्या बाजूला उभे राहू नका. पाणी माथ्याला टेकत असेल तर पोती रचत बसू नका, त्यानं साठा वाढतो आणि फुटणं मोठं होतं. चराच्या ज्या टोकाला न हललेली जमीन आहे तिथं कुदळीनं रुंद, उथळ वाट करा. खोल खाच नको. वरच्या चरापासून सुरू करा, मग खालचा. भरावाला हात लावू नका. सकाळी पाणी ओसरल्यावर त्याच वाटेवर दगड बसवा. तुमचा सांडवा तिथंच आहे.