भोपाळच्या मानव संग्रहालयात घरं बघायला जाताय? निदान या चुका टाळा

"झोपड्याच तर आहेत, तासाभरात उरकेल." भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाच्या फाटकावर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता वाद घालत नाही. श्यामला टेकडीवर, मोठ्या तलावाच्या कडेला साधारण दोनशे एकरांत हा पसारा आहे. आदिवासी घरं, हिमालयातलं गाव, वाळवंटातलं गाव, किनाऱ्यावरचं गाव असे वेगवेगळे भाग आहेत. ही घरं म्हणजे सिमेंटचे देखावे नव्हेत. त्या त्या समाजाच्या माणसांनी इथं येऊन आपल्या हातांनी ती बांधली आहेत. तासाभरात उरकते ती फक्त गाडीची चक्कर.

आणि गाडी आत नेता येते, हीच खरी गोची. आमचे साडूभाऊ एकदा बरोबर होते. काच खाली, चिरंजीवांचा मोबाइल खिडकीबाहेर, प्रत्येक घरापुढं गाडी जरा हळू. चाळीस मिनिटांत "झालं की!" संध्याकाळी मी सहज विचारलं, वारल्यांच्या घराच्या भिंती कशाच्या होत्या? "मातीच्या," ते ठामपणे म्हणाले. अहो, कुडाच्या! कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि वरून शेणमातीचा गिलावा द्यायचा. गिलावा जिथं तडकतो तिथं आतली काठी स्पष्ट दिसते, पण त्यासाठी हातभर अंतरावर जावं लागतं. कहर म्हणजे, साडूभाऊंचं स्वतःचं आजोळ कोकणातलं, कुडाच्या घराचं. लहानपणी त्याच भिंतीला टेकून जेवलेला माणूस!

तेव्हा गाडी लावा आणि चाला. सगळं बघायचा हट्ट सोडा. मी एका खेपेला सहा-सातच घरं घेतो. आत जायला मुभा असेल तिथं पाटी वाचण्याआधी आत जाऊन दोन मिनिटं जमिनीवर बसतो. उजेड कुठून येतो, वारा कुठून, चूल कुठं, धान्य कुठं, हे बसल्यावरच कळतं. उभ्यानं फक्त छप्पर डोक्याला लागतं. (दारं बुटकी असतात. वाका. दर वेळी कोणीतरी कपाळमोक्ष करून घेतोच.)

भर दुपारी उघड्यावर फिरणं हीसुद्धा नेहमीची चूक. लोक सकाळच्या गारव्यात वीथि संकुल या बंदिस्त दालनांच्या इमारतीत शिरतात आणि बारा वाजता टेकडीवर घरं बघायला निघतात. उलटं करा. मे महिन्यात तर जाऊच नका.

आता माझा सगळ्यात दुखरा मुद्दा. "इथं दुरुस्ती चाललीय, चला पुढं." अरे बाबांनो, थांबा! मातीगवताचं घर एकदा बांधून संपत नाही. ते पुन्हा पुन्हा सारवावं लागतं, शाकारावं लागतं. राहत्या घरात चुलीचा धूर गवतातली कीड आवरतो. इथं रोज चूल पेटत नाही, त्यामुळे छपराला जास्तच जपावं लागतं. पावसाळ्यानंतर एकदा एका घराचं छप्पर उघडं होतं, वर दोघं काम करत होते. आमची मंडळी फोटो चांगला येणार नाही म्हणून निघून गेली. मी तासभर तिथंच. खालून वळचणीपासून सुरुवात, एकेक थर आढ्याकडे चढत जाणारा. पेंढी बसवली की तळव्यानं दोनदा थोपटायची, बांधायची, मग पुढची. मी शहाणपणानं विचारलं, वरून खाली का नाही येत? वरचा माणूस हसला. एका पेंढीवर दुसरी ठेवून त्यानं बोट खाली ओघळवलं. "पानी कहाँ जाएगा, साब?" वरचा थर खालच्यावर चढलेला असला तरच पाणी पागोळीपर्यंत पोचतं, नाहीतर सरळ घरात. हे कुठल्या पाटीवर वाचून कळलं असतं?

भिंतींना हात लावू नका. छत्तीसगडच्या सरगुजा भागातल्या रजवार समाजाच्या घरातली जाळी दिसते दगडासारखी घट्ट, पण ती असते बांबूच्या वाकवलेल्या पट्ट्यांवर माती लिंपून केलेली. पोरं हमखास त्यात बोट घालतात आणि आईबाप तेवढ्यात फोटो काढत असतात.

घोटुलापाशी, म्हणजे बस्तरच्या मुरिया गोंडांच्या तरुण पोरापोरींच्या घरापाशी, कोपरखळ्या मारणाऱ्या काकांनी आधी थोडं वाचून यावं. नाचगाणी, कामं आणि जगण्याची रीत पोरापोरींनी एकत्र शिकायची ती जागा आहे.

पाणी जवळ ठेवा, चप्पल पटकन काढता येईल अशी घाला.

आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं. हे मी एकाला तीनदा सांगितलं होतं. त्यानं सोमवारी सकाळी फाटकासमोरून फोन केला.