बुद्धिबळ इंजिनांची मानांकन यादी: सामने न्याय्य कसे घ्यावेत

दोन बुद्धिबळ इंजिने, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम, संगणकावर उतरवून घेऊन त्यांच्यात शंभर डाव लावणे हे आता एका संध्याकाळचे काम आहे. परंतु त्या शंभर डावांवरून एक इंजिन दुसऱ्यापेक्षा तीस गुणांनी सरस आहे असे जाहीर करता येत नाही. निम्मे डाव बरोबरीत सुटतात असे धरले आणि ९५ टक्के विश्वासमर्यादा लावली, तर शंभर डावांवरून काढलेल्या एलो (खेळाचे बळ गुणांत मोजणारी मानांकन पद्धत) फरकात जवळजवळ ४८ गुणांची अधिक-उणे त्रुटी असते. हजार डावांनंतर ती सुमारे १५ वर येते आणि चार हजारांनंतर साडेसातच्या आसपास. म्हणजे त्रुटी निम्मी करायची तर डाव चौपट खेळवावे लागतात. म्हणून किती डाव खेळवायचे हे आधी ठरवावे आणि मनासारखा निकाल दिसला की सामना थांबवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण असे थांबवणे म्हणजे नशिबाने मिळालेली आघाडी यादीत कायमची नोंदवणे होय.

वेळेचे बंधनही याच हिशेबाने निवडावे. सीसीआरएल या इंजिनांच्या प्रसिद्ध मानांकन यादीच्या ब्लिट्झ (जलद डावांच्या) विभागात प्रत्येक बाजूला दोन मिनिटे आणि प्रत्येक खेळीमागे एक सेकंद मिळतो. सत्तर खेळ्यांचा डाव धरला तर त्याला सुमारे सहा मिनिटे लागतात आणि एका वेळी चार डाव चालवले तरी हजार डावांना पूर्ण दिवस जातो. घरच्या संगणकावर एवढा वेळ नसेल तर वेळ कमी करावी, परंतु एका यादीतले सर्व डाव एकाच बंधनाखाली झाले पाहिजेत.

सर्वाधिक काळजी यंत्राची घ्यावी लागते. प्रत्येक इंजिनाला एकच थ्रेड (प्रोसेसरवर एका वेळी चालणारा कामाचा एक धागा) आणि सारखीच हॅश मेमरी (तपासलेल्या स्थिती साठवण्याची जागा) द्यावी, आणि प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करण्याची पाँडर ही सोय बंद ठेवावी. ती चालू राहिली तर दोन्ही इंजिने एकाच वेळी प्रोसेसर वापरू लागतात आणि घड्याळाला अर्थ उरत नाही. एकाच वेळी चालणारे डाव प्रोसेसरच्या प्रत्यक्ष कोअरपेक्षा (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांपेक्षा) कमी असावेत. हायपरथ्रेडिंगमुळे, म्हणजे एक कोअर दोन असल्यासारखा दाखवणाऱ्या सोयीमुळे, दिसणारे दुप्पट कोअर मोजू नयेत आणि एखादा कोअर ऑपरेटिंग सिस्टिमसाठी मोकळा सोडावा. न्यूरल नेटवर्क वापरणाऱ्या आजच्या इंजिनांचा वेग प्रोसेसरच्या सूचनासंचावर फार अवलंबून असतो, त्यामुळे एका इंजिनाची एव्हीएक्स-२ या नव्या सूचनासंचासाठी बांधलेली आवृत्ती आणि दुसऱ्याची जुन्या प्रोसेसरसाठीची आवृत्ती समोरासमोर आणणे हा उघड अन्याय आहे.

लॅपटॉप वापरणाऱ्यांनी उष्णतेकडे विशेष लक्ष द्यावे. माझ्या लॅपटॉपवर मी एकदा मे महिन्यात रात्री एका प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे सर्व डाव संपवले आणि दुसऱ्याविरुद्धचे डाव दुपारी सुरू केले. डावांच्या नोंदी उघडून पाहिल्या तेव्हा दुपारच्या डावांत तीच वेळ असूनही इंजिनांची खोली, म्हणजे ती किती खेळ्या पुढचे पाहतात ते, दोन-तीन पायऱ्यांनी कमी भरत होती, कारण तापलेला प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करत होता. ते सर्व डाव मला रद्द करावे लागले. तेव्हापासून मी एका प्रतिस्पर्ध्याचे डाव एकगठ्ठा न घेता सर्वांचे आळीपाळीने घेतो, म्हणजे यंत्रात जो काही चढउतार होईल तो सर्वांच्या वाट्याला सारखा येतो. सामन्याच्या आधी आणि नंतर स्टॉकफिश या इंजिनाची वेग मोजणारी ‘बेंच’ आज्ञा चालवून दर सेकंदाला किती नोड (पटावरच्या स्थिती) तपासले गेले ते लिहून ठेवावे.

ओपनिंगविषयी (डावाच्या ठरवून दिलेल्या सुरुवातीच्या खेळ्यांविषयी) नियम एकच आहे, पण त्याला अपवाद नाही: प्रत्येक ओपनिंग दोनदा खेळवावी आणि दुसऱ्या वेळी मोहऱ्यांचे रंग बदलावेत. किंग्ज गँबिट ही ओपनिंग घ्या. दुसऱ्याच खेळीत पांढऱ्याने राजाजवळचे प्यादे देऊ केल्यावर आजची इंजिने काळ्याची बाजू थोडी सरस मानतात. हा डाव एकदाच खेळवला तर ज्याच्या वाट्याला काळी मोहरी आली त्याला आयता लाभ मिळतो. रंग बदलले की लाभ दोघांना मिळतो आणि त्याचा उपयोग कोणी अधिक केला ते दिसते. बलाढ्य इंजिनांत समतोल ओपनिंगवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात, म्हणून त्यांच्यासाठी एका बाजूला स्पष्ट वर्चस्व देणारा संच घेणे मला अधिक योग्य वाटते. हजार डावांसाठी पाचशे वेगवेगळ्या ओपनिंग हव्यात आणि इंजिनांची स्वतःची पुस्तके (सुरुवातीच्या तयार खेळ्यांचे संग्रह) बंद हवीत.

सामने चालवण्यासाठी क्यूटचेस किंवा फास्टचेस हा प्रोग्राम पुरेसा आहे. दोन्ही इंजिनांचे मूल्यमापन सलग काही खेळ्या शून्याजवळ राहिल्यास बरोबरी देण्याची सोय वापरावी, पण घाईची मर्यादा ठेवू नये. पाच मोहऱ्यांपर्यंतचे सिझिजी टेबलबेस (पटावर थोडी मोहरी उरल्यावरच्या स्थितींचे अचूक निकाल देणारे संग्रह) सुमारे एक गिगाबाइटचे आहेत. ते द्यायचे तर सर्वांना द्यावेत. वेळ संपून हरलेले डाव वेगळे काढून पाहावेत, कारण असे डाव अनेक असतील तर दोष बहुधा इंजिनाच्या खेळात नसून यंत्रावरील भारात किंवा वेळेच्या राखीव अंतरात (खेळी पोचायला उशीर झाला तर म्हणून घड्याळात शिल्लक ठेवलेल्या वेळेत) असतो.

मानांकन ऑर्डो किंवा बेझएलो या प्रोग्रामने काढावे. एकाच इंजिनाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या आपसांत खेळवल्या की फरक फुगलेला दिसतो, म्हणून प्रतिस्पर्धी निरनिराळ्या घडणीचे असावेत. हे आकडे परस्परसापेक्ष असतात. एका इंजिनाचे मानांकन गृहीत धरून बाकीची त्यावर बसवली जातात, त्यामुळे फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या मानांकनाशी त्यांची तुलना करू नये. यादीत प्रत्येक नावापुढे आवृत्ती, डावांची संख्या आणि त्रुटी छापावी, आणि दोन इंजिनांतील फरक त्रुटीपेक्षा कमी असेल तर त्यांना एकच क्रमांक द्यावा. सर्व डावांची पीजीएन फाइल (खेळ्यांची नोंद असलेली मजकूर फाइल) यादीसोबत ठेवली म्हणजे ज्याला शंका येईल त्याला प्रत्येक पराभव खेळीनिशी तपासता येतो.