डोंगरउतारावरची बाग आणि खाली समुद्र: पाहायला जाताना

अशा बागेतून परत आलेल्या माणसाचे फोटो एकदा नीट पाहा. दहातल्या नऊ फोटोंत निळा समुद्र असतो, कोपऱ्यात कसलीतरी पानं असतात आणि ती कसली, हे फोटो काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. समुद्र तर किनाऱ्यावर कुठूनही दिसतो. त्या उतारावर मात्र कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या खपून जगाच्या पार दुसऱ्या टोकाची झाडं जगवलेली असतात, आणि ती तिथे जगली याचं श्रेय त्या उताराला आणि त्या समुद्राला असतं. हे डोक्यात ठेवून गेलात तर बाग वेगळीच दिसते. त्यासाठी थोडी आखणी मात्र करावी लागते, कारण सपाट बागेत कुठूनही शिरून भटकलं तरी चालतं, उतारावर ते पायांना महागात पडतं.

आधी विचारा: फाटक वर आहे की खाली?

तिकीट, वेळा वगैरे नंतर. पहिला प्रश्न हा. इटलीत व्हेंतिमिल्याजवळचं हॅनबरी उद्यान घ्या. थॉमस हॅनबरी या इंग्रज व्यापाऱ्याने १८६७ साली ती जागा घेतली आणि वनस्पतींच्या औषधी उपयोगांचा जाणकार असलेल्या डॅनिएल या भावाच्या मदतीने बाग उभी केली. सुमारे १८ हेक्टरची ही बाग रस्त्यापासून थेट समुद्रापर्यंत उतरत जाते. प्रवेश वरून. म्हणजे जाताना मजेत खाली, आणि दमल्यावर, उन्हं तापल्यावर, पाण्याची बाटली संपल्यावर तोच चढ चढून परत.

उलट न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या वनस्पती उद्यानात १९०२ पासून चालणारी केबल कार शहरातून वर घेऊन जाते आणि बाग पाहत पाहत पायी खाली शहरात उतरता येतं. पोर्तुगालच्या मदेइरा बेटावर फुंशालच्या वनस्पती उद्यानालाही रोपवे जोडलेला आहे. एकापेक्षा जास्त फाटकं असतील तर वरून आत आणि खालून बाहेर, हा क्रम जवळजवळ नेहमीच बरा. फक्त खालचं फाटक किती वाजता बंद होतं आणि तिथून परतायला वाहन मिळतं का, हे आधी विचारून घ्या. एकदा मी हे न विचारता शेवटपर्यंत उतरलो होतो. खालच्या फाटकाला कुलूप होतं, वर जायला पाऊण तास होता, आणि सोबत अशी एक व्यक्ती होती जिने पुढचे दोन दिवस माझ्याशी फारसं बोलणं केलं नाही.

चढाचा हिशेब सोपा आहे. गिर्यारोहकांचा १८९२ सालचा एक जुना ठोकताळा सांगतो की दर ६०० मीटर चढाला सपाट चालीपेक्षा एक तास जास्त धरावा. म्हणजे १०० मीटर चढाला दहा मिनिटं. ऐकायला काहीच नाही, पण पायरी १५ सेंटिमीटरची धरली तर या १०० मीटरच्या साडेसहाशेहून जास्त पायऱ्या होतात. बागेत तर दर चार पावलांवर थांबणंही असतं. त्यामुळे ठोकताळ्याची तिप्पट वेळ हाताशी ठेवा. आणि गुडघे कुरकुरत असतील तर लक्षात घ्या, त्यांना चढापेक्षा उतारच जास्त जड जातो. अशांनी पायऱ्यांची वाट सोडून नकाशावरच्या लांब वळणवाटा धराव्यात. काठी असेल तर न्यावी, लाजू नये.

मग पाहा: समुद्र कोणत्या दिशेला?

नकाशा उघडून समुद्र उताराच्या कोणत्या अंगाला आहे ते बघा. पश्चिमेला असेल तर सकाळी जा. सूर्य तुमच्या पाठीशी असतो, पाण्याचा रंग खरा दिसतो आणि झाडांवर समोरून उजेड पडतो. दुपारनंतर तिथे गेलात तर पाण्यावर नुसती चकाकी असते. समुद्र पूर्वेला असेल तर नेमकं उलट.

तरीही सरसकट सांगायचं तर मी सकाळच्या बाजूने मत देईन, आणि त्याचं कारण शाळेत शिकलेले खारे वारे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येऊ लागतो. दुपारी त्याला जोर असतो. वरच्या उघड्या कठड्यापाशी टोपी उडायला लागते, फुलाचा फोटो हलतो. शिवाय दिवस चढतो तशी क्षितिजाशी धूसर पट्टी जमते. पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ मिळाली तर सोडू नका.

दूरवर किती दिसणार, याचंही गणित आहे. किनाऱ्यावर उभ्या माणसाला क्षितिज पाचेक किलोमीटरवर असतं. १०० मीटर उंचीवरून ते सुमारे ३६ किलोमीटरवर जातं. उंची चौपट झाली की अंतर दुप्पट होतं. फ्रान्समधल्या एझ गावात जुन्या किल्ल्याच्या अवशेषांभोवती केलेली बाग समुद्रसपाटीपासून ४२९ मीटरवर आहे. तिथून क्षितिज सत्तर किलोमीटरच्याही पलीकडे असतं. म्हणून समुद्र बघायचाच असेल तर तो आधी, अगदी वरून बघून घ्यावा. खाली उतरत जाल तसा तो लहान होत जातो.

ऋतूचंही एक ध्यानात असू द्या. भूमध्य समुद्राच्या काठी उन्हाळा कोरडा असतो. तिथली बरीच झुडपं वसंतात फुलून घेतात आणि उन्हाळ्यात गप्प पडून राहतात. सुट्टी म्हणून भर उन्हाळ्यात जाणारे नेमके तेव्हाच तिथे पोचतात. दक्षिण आफ्रिकेतल्या पुष्कळशा कोरफडी तर थंडीतच फुलतात.

अंगावर आणि पिशवीत काय

थोडकंच. तळ गुळगुळीत झालेले बूट नकोत, कारण सावलीतल्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि त्यावर ओली पानं पडलेली असतात. टोपी दोरीची. पाणी लागेल असं वाटतं त्याहून जास्त, कारण वारा अंगाला लागत असतो तोवर ऊन लागतंय हे कळतच नाही, कळतं ते रात्री मान भाजल्यावर. एक छोटी वही आणि पेन्सिल. हो, फोन असला तरी. कारण पुढे सांगतो.

उतार वाचत उतरा

आता खरं काम. फाटकातून आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं झाडांची नावं विसरा आणि जमिनीकडे बघा.

समुद्र हळू तापतो आणि हळू निवतो. त्यामुळे काठावर ना थंडी कडक, ना उन्हाळा. त्यात उताराची भर. गार हवा जड असते, रात्री ती उतारावरून ओघळून खाली निघून जाते, मध्ये साचून राहत नाही. उतार दिवसभर सूर्याकडे तोंड करून असेल तर त्याला उष्णता जास्त मिळते, आणि टप्प्याटप्प्यांना आधार देणारे दगडी गडगे दिवसा तापून रात्री ती सोडत राहतात. हॅनबरी उद्यान विषुववृत्तापासून जवळपास ४४ अंश उत्तरेला आहे, तरी तिथे आफ्रिकेतल्या कोरफडी आणि मेक्सिकोतल्या घायपाती उघड्यावर वाढतात, त्या या जमवाजमवीमुळे. गडग्याच्या अगदी पुढ्यात काय लावलंय ते बघा. सगळ्यात थंडीभित्रं झाड बहुधा तिथे असतं.

पाणीही उतारानेच वाटून दिलेलं असतं. वरच्या कोरड्या, खडकाळ जागी पाणी ठरत नाही, म्हणून निवडुंग, घायपात, कोरफड. मधल्या टप्प्यांवर झुडपं आणि फुलझाडं. जिथे घळ आहे, ओहोळ आहे, तिथे नेचे, बांबू, मोठ्या पानांची झाडं. पाच मिनिटांच्या उतरणीत वाळवंटातून ओल्या रानात गेल्यासारखं वाटतं. माळ्याने हे उगाच रचलेलं नसतं. पाणी जिथे जातं त्याच्या मागे तो गेलेला असतो.

आणि समुद्राच्या तोंडावर असलेली पहिली रांग जरूर शोधा. तिथे बहुतेक वेळा पाइन, सुरू असली चिवट झाडं असतात, वाऱ्याने एका अंगाला झुकलेली, समुद्राकडच्या फांद्या जळाल्यासारख्या. खाऱ्या तुषारांनी कोवळे कोंब मरतात आणि झाड आतल्या बाजूलाच वाढत राहतं. त्यांचं काम मार खाण्याचं. त्यांच्या आडोशाने आतली नाजूक मंडळी जगतात. जवळच्या झुडपांची पानं पाहा: जाड, चकचकीत, मेणचट, किंवा बारीक आणि करडी लव असलेली. मीठ आणि वारा सोसण्याच्या या युक्त्या आहेत.

काही बागांची मांडणी अशी हवामानाच्या ओळीने नसते, देशांच्या ओळीने असते. जॉर्जियात काळ्या समुद्राकाठी बातुमीचं वनस्पती उद्यान आहे, १९१२ साली सुरू झालेलं. आंद्रेई क्रास्नोव्ह या शास्त्रज्ञाने ते आखलं. हिमालय, पूर्व आशिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मेक्सिको असे त्यात विभाग आहेत. एवढ्या मोठ्या बागेत सगळं पाहायचा हट्ट धरू नका. दोन विभाग निवडा, शक्य तर एकमेकांपासून अगदी वेगळे.

पाट्या वाचायची रीत

पाटीवरची लॅटिन नावं बघून बहुतेक लोक पुढे सरकतात. दोन मिनिटांत ती वाचायला शिकता येतात. नावातला पहिला शब्द प्रजातीचा, आडनावासारखा. दुसरा जातीचा, खुद्द नावासारखा. ही पद्धत सर्व वनस्पतींना नेमाने लागू केली ती लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने, १७५३ साली. मागे नुसतं ‘एल’ हे रोमन अक्षर दिसलं तर ते नाव त्यानेच दिलेलं आहे. स्पेनमध्ये ब्लानेसला समुद्रावरच्या कड्यालगत मारिमुर्त्रा नावाची बाग आहे, तिथे लिनियसच्या नावाचा एक छोटा मंडपच बांधलेला आहे, आणि दृश्य बघायला लोक नेमके तिथे गर्दी करतात. नाव कुणाचं, हे क्वचितच कुणी विचारतं. मधे गुणिलेची खूण असेल तर तो संकर. एकेरी अवतरणातलं नाव माणसाने निवडलेल्या वाणाचं.

एका कोपऱ्यात बारीक आकडे असतात, ते सोडू नका. तो झाडाचा नोंदणी क्रमांक. पुष्कळ बागांत त्याची सुरुवात झाड नोंदवलं त्या सालाने होते. त्यावरून ते तिथे किती वर्षं आहे ते कळतं. वही त्यासाठी. नाव, मूळ देश, साल आणि एका ओळीत तुम्हाला काय दिसलं ते. पाच झाडांची अशी नोंद चाळीस फोटोंपेक्षा जास्त टिकते, कारण लिहिण्यासाठी थांबावं लागतं.

सरावासाठी एक जोडी देतो. घायपात आणि मोठी कोरफड लांबून सारखीच दिसतात, जाड काटेरी पानांचा झुबका. पण घायपात अमेरिकेतली, कोरफड मुख्यतः आफ्रिका आणि अरबस्तानातली. दोघींचं नातं फार लांबचं. कोरडेपणाने दोघींना एकाच साच्यात घातलं. बहुतेक घायपाती बरीच वर्षं थांबून एकदाच उंच दांडा काढून फुलतात आणि मरतात. कोरफड मोठी झाली की वर्षागणिक फुलते. तशीच दुसरी जोडी निवडुंग आणि शेर या चिकाच्या झुडपाच्या आफ्रिकेतल्या भाईबंदांची. निवडुंगाचे काटे लवदार ठिपक्यातून फुटतात, शेरवर्गाच्या खोडाला तसा ठिपका नसतो. खोडाला इजा झाली की शेरवर्गातून पांढरा चीक येतो, पण ते पाहायला खोड मोडू नका. तो चीक डोळ्यात गेला तर प्रकरण डॉक्टरांपर्यंत जातं.

हात लावायच्या बाबतीत तेवढंच. कण्हेर आणि धोत्र्याचे भाईबंद अशा बागांत हटकून असतात, दोन्ही विषारी. फड्या निवडुंगाचे केसासारखे काटे नुसत्या स्पर्शाने बोटात शिरतात. चिमट्याने किंवा चिकटपट्टीने काढावे लागतात. मुलं बरोबर असतील तर हे आत शिरण्यापूर्वी सांगा, नंतर नव्हे.

समुद्राकडे पाठ करून दहा मिनिटं

अर्ध्या उतारावर एखादं बाकडं गाठा आणि समुद्राकडे पाठ करा. बाकडं बहुधा समुद्राकडेच तोंड करून ठेवलेलं असतं, म्हणून कठड्यावर टेका किंवा खाली बसा. समोर उतार उभ्या चित्रासारखा दिसतो. गडग्यांच्या ओळी, पाण्याची वाट, कोणतं झाड कुणाच्या आडोशाला आहे, वरून येताना जे तुकड्यातुकड्यांत दिसलं ते इथून एकत्र दिसतं. लोक विचित्र नजरेने बघतात, बघू द्या.

परतताना

वरच्याच फाटकातून परतायचं असेल तर बाग बंद व्हायच्या निदान दीड तास आधी चढायला लागा. वाट दुसरी धरा, नकाशावर चढाची वाट नागमोडी दाखवली असेल तर तीच. पायऱ्यांवर दम लागला की थांबून जवळची पाटी वाचा. दमलोय हे कुणाला कळत नाही.

बी, फांदी, शेंग खिशात घालू नका, खाली पडलेलं असलं तरी. परदेशातून असं काही आणणं बहुतेक ठिकाणी नियमबाह्य असतं, आणि एका बागेतलं शोभेचं झाड दुसऱ्या मुलखात तण होऊन पसरल्याची उदाहरणं थोडी नाहीत. मातीचंही तसंच. न्यूझीलंडमध्ये कौरी नावाचे प्रचंड वृक्ष मुळांच्या एका रोगाने मरतात आणि तो रोग बुटांना लागलेल्या चिखलातून जातो. तिथे रानात शिरताना आणि बाहेर पडताना बूट घासायला ब्रश ठेवलेले असतात. तुमच्या बागेत ब्रश नसेल तर फाटकाबाहेर पडण्याआधी दगडाच्या कडेला बुटांचे तळ खरवडून घ्या, मग वाहनात बसा.