गुप्त किल्ली अ‍ॅपमध्ये नव्हे, सर्व्हरवर ठेवा
अँड्रॉइडची एपीके फाइल (फोनवर अ‍ॅप बसवण्याची फाइल) ही मुळात झिप असल्याने ती उघडून, मोफत मिळणाऱ्या डीकंपायलरच्या साहाय्याने तिच्यातील कोड बऱ्याच अंशी वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळवणे अवघड नसते. म्हणून बाणेर-हिंजवडीतील एखादा छोटा चमू कोथरूडच्या डबा पुरवणाऱ्या व्यवसायासाठी अ‍ॅप तयार करत असेल, तर पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेची) गुप्त किल्ली, म्हणजे त्या सेवेला आपली ओळख पटवणारा सांकेतिक मजकूर, सर्व्हरवरच ठेवावी आणि डब्याची अंतिम किंमतही तिथेच ठरवावी. ‘आर-एट’ (R8, अ‍ॅप बांधताना कोड आटोपशीर करणारे अँड्रॉइडचे साधन) चालू करून क्लास व फंक्शनची नावे बदलणे योग्यच आहे. परंतु ते कोडमध्ये लिहिलेला मजकूर कूटबद्ध करत नाही, ही बाब अनेकदा नजरेआड होते आणि किल्ली जशीच्या तशी दिसत राहते. प्रत्येक आवृत्तीची मॅपिंग फाइल (बदललेल्या नावांची मूळ नावांशी जोडी लावणारी यादी) जपावी, अन्यथा क्रॅशचे अहवाल आपल्यालाच उमगत नाहीत. रूट तपासणी (फोनवरील मूळ बंधने काढली आहेत का, हे अ‍ॅपने पाहणे) फ्रिडासारख्या, चालू अ‍ॅपचे वर्तन बदलणाऱ्या साधनाने चुकवता येत असल्याने तिच्यावर फार वेळ खर्चू नये, असे माझे मत आहे. प्रकाशनापूर्वी स्वतःचीच एपीके डीकंपाइल करून किल्ल्या व पासवर्ड शोधून पाहावेत. एखादी किल्ली आधीच बाहेर गेली असल्यास ती नव्या आवृत्तीतून काढून भागत नाही. जुनी एपीके लोकांच्या हाती असतेच, त्यामुळे ती किल्ली रद्द करून नवी घ्यावी.