डेव्हकिटशेजारची पहिली दोन वर्षं

पुण्यातल्या एका लहान पोर्टिंग स्टुडिओत, म्हणजे एका यंत्रासाठी बनलेला गेम दुसऱ्या यंत्रावर चालवून देणाऱ्या स्टुडिओत, लागलो तेव्हा वाटलं होतं, आता आपण गेम बनवणार. पहिले चार महिने मी दुसऱ्याच कुणीतरी बनवलेल्या गेमची टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं, लहान करत बसलो. पीसीवर तो गेम झकास पळायचा, पण नव्या कन्सोलच्या, म्हणजे गेम खेळायच्या खास यंत्राच्या, मेमरीत मावत नव्हता. (कोणता कन्सोल ते सांगता येत नाही, एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, आहे. हे वाक्य या धंद्यात तुम्हालाही रोज म्हणावं लागेल.) आई विचारायची, "झाला का रे गेम?" मी म्हणायचो, "अजून चारशे एमबी राहिलेत."

नवीन मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. कन्सोल जाहीर होताना स्टेजवर मोठमोठ्या कंपन्यांची नावं झळकतात, मग वर्षभरात त्यांचे गेम आटतात कसे? २०११ च्या ई-थ्री या गेम प्रदर्शनात निंटेंडोच्या वी यू या नव्या कन्सोलसाठी ईए या बड्या गेम कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॉन रिचितिएलो स्वतः मंचावर आले होते. कन्सोल नोव्हेंबर २०१२ मध्ये बाजारात आला आणि २०१३ मध्येच ईएने हात आखडता घेतला. वी यू शेवटी जेमतेम १ कोटी ३५ लाख खपला. गिऱ्हाईक कमी म्हणून गेम कमी, आणि गेम कमी म्हणून गिऱ्हाईक कमी. आमच्यासारखे थर्ड पार्टीवाले, म्हणजे कन्सोल कंपनीच्या मालकीचे नसलेले स्टुडिओ, हा हिशोब आधी मांडतात.

पण हिशोबाइतकाच जीव काढते ती यंत्राची रचना. प्लेस्टेशन ३ मध्ये मेमरीचे दोन कप्पे होते: २५६ एमबी प्रोसेसरची, २५६ ग्राफिक्सची. त्याच काळातल्या एक्सबॉक्स ३६० मध्ये ५१२ एमबी एकत्र होती. बेरीज सारखीच, तरी एका यंत्रावर बसलेला गेम दुसऱ्यावर बसेना. त्यात प्लेस्टेशन ३ च्या सेल नावाच्या प्रोसेसरमधल्या छोट्या कोअरवर (प्रोसेसरच्या आतल्या गणन-भागांवर) काम वाटायचं तर कोड नव्याने लिहायला लागायचा. सोनीला हे पुरतं कळलं असावं, कारण प्लेस्टेशन ४ आखताना त्याचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी आधी डेव्हलपरांकडे गेले आणि तुम्हाला काय हवं ते विचारलं. डेव्हलपरांनी एकसंध मेमरी मागितली. २०१३ मध्ये पीसीसारखा एक्स८६ प्रोसेसर आणि ८ जीबी एकत्र मेमरी घेऊन तो कन्सोल आला. मला विचाराल तर थर्ड पार्टी सपोर्ट स्टेजवर नाही, इथे ठरतो.

म्हणून नव्या कन्सोलच्या बातमीत ट्रेलर नंतर बघा. आधी मेमरी किती आणि युनिटी-अनरियल ही गेम बनवायची तयार एन्जिनं त्यावर चालतात का, ते शोधा. २०१७ चा निंटेंडो स्विच ताकदीने मागेच होता, मेमरी ४ जीबी. पण चिप एनव्हिडियाची ओळखीची होती आणि ही दोन्ही एन्जिनं त्यावर चालत होती, त्यामुळे लहान स्टुडिओंनी रांग लावली.

आता माझी फजिती. फ्रेम रेट (सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात तो वेग) जमला, मेमरी बसली, बिल्ड, म्हणजे गेमची चालवायला तयार प्रत, सर्टिफिकेशनला गेला. कन्सोल कंपनीची ही तपासणी, सोनीकडे टीआरसी आणि निंटेंडोकडे लॉटचेक या नावाने तिचा धाक असतो. आठवड्याने बिल्ड नापास होऊन परत आला. कारण? खेळता खेळता कंट्रोलरचं कनेक्शन तुटलं तर गेम पॉज होत नव्हता. आम्ही सगळे वायर लावूनच खेळत होतो, कुणाला सुचलंच नाही! दुरुस्तीला वीस मिनिटं लागली, रिलीजची तारीख मात्र पुढे गेली. तेव्हापासून नियमांचं ते जाडजूड, कंटाळवाणं कागदपत्र मी प्रोजेक्टच्या पहिल्या आठवड्यात वाचतो. आधी आम्ही ते शेवटी उघडायचो.

नव्या कन्सोलवर सगळ्यांत जास्त वेळ वाट पाहण्यात जातो. एसडीकेची, म्हणजे त्या कन्सोलसाठी गेम बनवायला कंपनी देते त्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती येते आणि शुक्रवारी चालणारा बिल्ड सोमवारी उभाच राहत नाही. कंपनीच्या सपोर्टला लिहायचं, टाइम झोनमुळे उत्तर रात्री येतं. प्रश्न नीट लिहायला शिका: क्रॅश कुठे होतो, कोणत्या आवृत्तीवर, आधी काय करून पाहिलं. "चालत नाही, प्लीज हेल्प" लिहिलंत तर उलट चार प्रश्न येतात आणि दोन दिवस गेलेच.

डेव्हकिट, म्हणजे गेम बनवणाऱ्यांना मिळणारा खास कन्सोल, दुकानात मिळत नाही. कन्सोल कंपनीने डेव्हलपर म्हणून मंजूर केल्यावरच ते हाती येतं, त्यामुळे विद्यार्थ्याने त्यासाठी अडून बसू नये. घरातला जुना, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप घ्या. गोडो या गेम एन्जिनमध्ये एखादा जड सीन उभा करा आणि तो सेकंदाला तीस फ्रेमवर, म्हणजे प्रत्येक फ्रेम ३३ मिलिसेकंदांत बसवा. रेंडरडॉक हे ग्राफिक्सचं काम तपासायचं साधन फुकट आहे, वेळ कुठे जातो ते त्यात बघा आणि प्रत्येक बदलाआधीचे-नंतरचे आकडे वहीत लिहा. ती वही मुलाखतीला आणा.

आणि डेमो दाखवणार असाल तर एक सांगून ठेवतो. तुम्ही रंगात येऊन खेळत असताना मी कंट्रोलरची वायर काढतो.