ब्रिटनमधला हिवाळा आणि मनावर येणारे मळभ : काय करावे, केव्हा करावे

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या मनात हिवाळा आणि उदासी यांची सांगड बसलेली नसते. आपल्याकडे थंडी गुलाबी असते. हुरडा, शेकोटी आणि तिळगुळाचा तो ऋतू, आणि मन झाकोळलेच तर ते आषाढातल्या सलग पावसात. त्यामुळे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनमध्ये आलेल्या मराठी माणसाला नोव्हेंबरात सकाळी अंथरुणातून उठवेनासे झाले, कामात लक्ष लागेनासे झाले आणि मित्रांचे फोनही टाळावेसे वाटू लागले, की तो त्याचे खापर घरच्या आठवणीवर फोडतो किंवा स्वतःच्या आळसावर. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मीही तेच केले आणि तीन महिने स्वतःला बोल लावण्यात घालवले. घरची ओढ खरीच असते, पण ती ऑगस्टमध्येही होती. नोव्हेंबरात बदलतो तो उजेड, आणि म्हणून उपायाची सुरुवातही उजेडापासूनच करावी लागते.

मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो. लंडनमध्ये तो ८ तासही भरत नाही आणि एडिंबरामध्ये जेमतेम ७ तासांचा असतो. शिवाय डिसेंबरच्या भर दुपारी लंडनचा सूर्य क्षितिजापासून फक्त १५ अंश वर येतो, तर त्याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांवर असतो. म्हणजे दिवस लहान आणि जो आहे तोही तिरप्या, फिक्या उन्हाचा. आपल्या डोळ्यांतल्या काही पेशींचे काम दृश्य दाखवणे हे नसून बाहेर किती उजेड आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणे हे असते. सकाळी त्यांना पुरेसा उजेड मिळाला नाही, तर झोप आणणारे मेलाटोनिन हे रात्रीचे संप्रेरक वेळेवर ओसरत नाही, झोपेची वेळ पुढे सरकते आणि दिवसभर डोके जड राहते. काहींना हे फार जाणवते आणि काहींना मुळीच नाही, असे का, याचा उलगडा अजून पूर्ण झालेला नाही. पण दर हिवाळ्यात येऊन वसंतात जाणाऱ्या या नैराश्याचे वर्णन नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली अमेरिकेत केले, आणि तेव्हापासून वैद्यकशास्त्र त्याची दखल घेत आले आहे. त्याची एक खूणही सांगण्यासारखी आहे. एरवीच्या नैराश्यात बहुधा झोप आणि भूक उडते. यात मात्र झोप वाढते, पाव, बिस्किटे, भात, बटाटा असे पदार्थ सारखे खावेसे वाटतात आणि वजन चढते.

पहिला उपाय फुकट आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. रोज दिवसाउजेडी बाहेर पडावे, शक्यतो सकाळी, आणि निदान अर्धा तास चालावे. आभाळ भरून आलेले असले तरी हरकत नाही, कारण ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर हजार लक्सहून (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक, बऱ्याचदा काही हजार लक्स उजेड असतो, आणि आपल्याला लख्ख वाटणाऱ्या दिवाणखान्यात दिवे लावूनही तो सहसा शंभर-दोनशे लक्सच्या पुढे जात नाही. घरून काम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आठवड्यातले चार दिवस उंबरठा न ओलांडणारी माणसे इथे पुष्कळ आहेत, आणि खिडकीतून दिसणारा उजेड म्हणजे अंगावर घेतलेला उजेड नव्हे. घर भाड्याने घेताना दक्षिणेकडे खिडकी असलेली खोली निवडावी. दक्षिणाभिमुख घर टाळण्याची आपल्याकडची रीत मला माहीत आहे, परंतु या अक्षांशावर हिवाळ्यातला सूर्य आग्नेयेला उगवून दक्षिणेकडूनच नैर्ऋत्येला मावळतो, आणि उत्तरेच्या खोलीत नोव्हेंबर ते जानेवारी उन्हाचा एक कवडसाही येत नाही.

या चालण्याला घरच्या फोनची जोड द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास मागे जातात आणि भारताशी असलेले अंतर साडेचार तासांवरून साडेपाच तासांवर जाते. उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला फोन केला तर घरी साडेदहा वाजलेले असतात आणि आई-बाबा जागे सापडतात. हिवाळ्यात त्याच वेळी तिकडे साडेअकरा होतात आणि घर झोपलेले असते. अंधार वाढतो त्याच आठवड्यात घरच्यांशी बोलणेही नकळत कमी होते, आणि या दोन गोष्टींचा एकत्र परिणाम काय होतो ते आपल्या ध्यानात येत नाही. म्हणून फोनची वेळच बदलावी. इथे दुपारी साडेबाराला जेवणाची सुट्टी होते तेव्हा महाराष्ट्रात संध्याकाळचे सहा, दिवेलागणीची वेळ झालेली असते. कोट चढवून बाहेर पडावे, कानात फोन लावावा आणि रस्त्याच्या उन्हाच्या बाजूने चालत बोलावे.

एवढ्याने भागले नाही, तर उजेडाचा दिवा, म्हणजे लाइट बॉक्स घ्यावा. तो घेताना १०,००० लक्स हा आकडा किती अंतरावरचा आहे हे वेष्टनावर नीट वाचावे, कारण अनेक लहान दिव्यांत तो चेहरा वीतभर अंतरावर ठेवला तरच मिळतो आणि हातभर मागे सरकले की झपाट्याने उतरतो. दिवा मोठ्या पृष्ठभागाचा, पांढऱ्या प्रकाशाचा आणि अतिनील किरणे गाळणारा असावा. उठल्यापासून तासाभरात, रोज ठरलेल्या वेळी, सुमारे ३० मिनिटे त्याच्यासमोर बसावे; दिव्याकडे टक लावू नये, तो किंचित बाजूला ठेवून चहा प्यावा किंवा वाचन करावे, मात्र डोळे उघडे असावेत. संध्याकाळी तो लावू नये, कारण त्याने झोप आणखी लांबते. गुण साधारण एक-दोन आठवड्यांत जाणवू लागतो. डोके दुखले किंवा चिडचीड झाली, तर वेळ कमी करावी. कॅनडातील चार केंद्रांत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९६ रुग्णांवर हा उपचार आणि फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचे औषध यांची तुलना केली असता दोन्हींचा गुण सारखाच आढळला. तथापि ब्रिटनमधील नाइस ही उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणारी संस्था या पुराव्याला अनिश्चित मानते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्यांना पूर्वी कधी उन्मादाचा, म्हणजे बायपोलर आजाराचा त्रास झाला आहे, ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहामुळे किंवा अन्य कारणाने इजा आहे, किंवा जे प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा मुळीच लावू नये.

आहाराबद्दल फार सांगण्यासारखे नाही. गोड आणि पिठूळ खाण्याची ओढ अंगातल्या मरगळीतून येते, तेव्हा तिच्याशी भांडण्यापेक्षा घरात बिस्किटांऐवजी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि तिळाची चटणी ठेवावी आणि रात्री गरम पिठले-भाकरी करावी. बाजरीचे पीठ इथल्या भारतीय दुकानांत मिळते. ड जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ऑक्टोबर ते मार्च या काळात इथल्या उन्हाने ते त्वचेत पुरेसे तयार होत नाही आणि सावळ्या त्वचेत तर आणखी कमी होते, म्हणून शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला आहे, आणि आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असेही ती सांगते. शाकाहारी वाचकांनी गोळीचे आवरण जिलेटिनचे नाही ना, हे पाहावे. ही गोळी हाडांसाठी आवश्यक आहे. तिने उदासी जाईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. मद्याने संध्याकाळ सुसह्य वाटते आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ अधिक जड होते, तेव्हा या महिन्यांत ते जितके कमी तितके बरे.

मनाच्या बाजूने करायचे काम याहून अवघड आहे. व्हरमाँट विद्यापीठातील केली रोहन यांनी या हिवाळी नैराश्यासाठी खास बेतलेली बोधात्मक वर्तनोपचाराची (सीबीटी), म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याची पद्धत विकसित केली. त्यांच्या अभ्यासात त्या हिवाळ्यापुरता उजेडाचा उपचार आणि ही पद्धत सारख्याच ठरल्या, परंतु दोन हिवाळ्यांनंतर पुन्हा नैराश्य आलेल्यांचे प्रमाण उजेडाच्या गटात ४६ टक्क्यांच्या आसपास, तर वर्तनोपचाराच्या गटात २७ टक्के होते. त्यातले एक तत्त्व घरीही वापरता येते : मन होईल तेव्हा करू असे न म्हणता कामे आधीच दिवस-वेळेसह ठरवून टाकावीत, कारण या दिवसांत मन होत नाही, हेच तर दुखणे असते. आपल्या पंचांगाचा इथे फार उपयोग होतो. दिवाळी झाली की इथल्या मराठी घरांत एकदम सामसूम होते, आणि नाताळाची सुट्टी संपून जानेवारी लागला की ती अधिकच बोचते. पण तुळशीचे लग्न, मार्गशीर्षातले गुरुवार, चंपाषष्ठी, दत्तजयंती, संक्रांत आणि रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवे एवढे सगळे याच अंधाऱ्या महिन्यांत येते. प्रत्येकाला एका घरी पाच-सहा माणसे जमतील, वांग्याचे भरीत होईल, असे ऑक्टोबरातच लिहून ठेवावे आणि कोण कुठे येणार तेही ठरवावे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे आणि इतर शहरांतही मंडळे आहेत. जिथे नाहीत तिथे तीन घरे पुरतात. ज्याला आपण ओळखतो आणि जो सारखे येणे टाळतो आहे, त्याला निरोप पाठवून थांबू नये, घ्यायला जावे.

हे सगळे करूनही दोन आठवडे बहुतेक दिवस उदासी टिकली, आवडीच्या गोष्टीतही रस उरला नाही किंवा काम आणि अभ्यास अडू लागला, तर जीपीकडे, म्हणजे इथल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. तिथे ब-१२, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांच्या तपासण्यांविषयी विचारावे, कारण शाकाहारी लोकांत ब-१२ कमी असणे नवे नाही आणि यांपैकी कशाचीही कमतरता अशीच मरगळ आणते. इंग्लंडमध्ये समुपदेशनासाठी टॉकिंग थेरपीज या सेवेकडे जीपीशिवाय थेट नाव नोंदवता येते. जगणे नकोसे वाटू लागले, तर सकाळची वाट पाहू नये : इंग्लंडमध्ये १११ क्रमांक लावून मानसिक आरोग्यासाठी २ हा पर्याय निवडावा, समॅरिटन्स ही संस्था ११६ १२३ वर रात्रंदिवस फोन घेते, आणि जिवाला तातडीचा धोका असेल तर ९९९ लावावा. डॉक्टरांना हे सांगताना लाजेचे कारण नाही, आणि घरी आईला सांगायचे नसले तरी इथल्या एका माणसाला तरी सांगावेच.

वेळापत्रकाबाबत एक बारकावा अनेकांना ठाऊक नसतो. लंडनमध्ये सर्वांत लवकर सूर्यास्त १२ डिसेंबरच्या सुमारास होतो, म्हणजे संध्याकाळ सर्वांत लहान दिवसाच्या आधीच लांबू लागते. सकाळ मात्र जानेवारीच्या पहिल्या दिवसांपर्यंत उशिराच उजाडत जाते. त्यामुळे नाताळानंतर दिवस मोठा होत चालला म्हणून दिवा कपाटात ठेवणारे जानेवारीच्या मध्यावर पुन्हा ढासळतात. दिवा आणि सकाळचे चालणे रथसप्तमीनंतरही, मार्च उजाडेपर्यंत चालू ठेवावे. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे पुढे जातील आणि घरच्या फोनची वेळ पुन्हा संध्याकाळी नेता येईल, त्या दिवशीच पुढच्या सप्टेंबरच्या पानावर नोंद करून ठेवावी : दिवा काढणे, दत्तजयंतीला कोणाच्या घरी ते विचारणे, दुपारचा फोन सुरू करणे.