शुगरवाल्यांची चप्पल बनवायला कुठं आणि कसं शिकायचं

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, ते पायाचं, इनसोल-चपलेचं शिक्षण असतंय ना, त्यात स्कोप आहे का?" स्कोपचंच म्हणाल तर देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर गेलेत, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेली आयसीएमआरची पाहणी सांगते. त्यातल्या बऱ्याच जणांच्या तळपायाची जाणीव हळूहळू जाते. गिऱ्हाईक कमी पडायचं नाही. शिकायचं कुठं आणि कशावर जोर द्यायचा, हा खरा प्रश्न.

मी मिरजेत ऑर्थोटिस्ट आहे, म्हणजे शरीराला आधार देणारे पट्टे, कॅलिपर आणि चपलेच्या आतली गादी, म्हणजे इनसोल, बनवणारी. घरात चपला शिवायचा धंदा, त्यामुळे रापी (कातडं कापायचं पातं), आरी (भोकं पाडायचं टोचण), फर्मा (पायाच्या आकाराचा साचा) हे शब्द पाढ्यांच्या आधी पाठ झाले. शिक्षण मात्र दवाखान्याच्या बाजूनं झालं. या कामाला दोन दारं आहेत आणि बहुतेक जण एकाच दारातून आत येऊन तिथंच थांबतात.

पहिलं दार पदवीचं. बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, म्हणजे बीपीओ. चार वर्षं आणि वर सहा महिन्यांची इंटर्नशिप. अमेरिकेत फक्त पाय आणि पादत्राणं बघणाऱ्या पेडॉर्थिस्टला वेगळं प्रमाणपत्र मिळतं; आपल्याकडे ते काम याच पदवीत येतं, कृत्रिम पाय, कॅलिपर, पाठीचे पट्टे यांच्यासोबत. महाराष्ट्रात याचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, त्यामुळे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर कोलकाता, कटकजवळचं ओलटपूर आणि चेन्नई इथल्या राष्ट्रीय संस्थांची सामाईक प्रवेश परीक्षा द्या. ओलटपूरचं नाव ऐकून मुलं नाक मुरडतात. मुरडू नका. रुग्ण भरपूर असतील तिथंच हात बसतो.

कॉलेज कुठलंही घ्या, अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता आहे का ते आधी परिषदेच्या यादीत बघा. शिक्षण संपल्यावर त्यांच्या नोंदवहीत नाव चढतं. नोंदणी नसताना ऑर्थोटिस्ट म्हणून प्रॅक्टिस करणं १९९२ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पुढं नोंदणीच्या नूतनीकरणाला सीआरई, म्हणजे चालू शिक्षणाचे, गुण लागतात, ते वेळच्या वेळी जमवत राहा, नाहीतर ऐनवेळी कुठल्या तरी वेबिनारच्या मागं पळावं लागतं.

दुसरं दार चपलेचं. चेन्नई आणि आग्र्याच्या केंद्रीय पादत्राण प्रशिक्षण संस्था, नोएडाची पादत्राण डिझाइन संस्था एफडीडीआय, आणि आपल्याकडे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाच्या योजना. इथं पॅटर्न कापणं, अप्पर, म्हणजे चपलेचा वरचा भाग, शिवणं, फर्म्यावर ओढणं शिकवतात. या दारानं आलेल्यानं स्वतःला ऑर्थोटिस्ट म्हणवून घ्यायचं नाही, पण चांगल्या ऑर्थोटिस्टच्या हाताखाली शू टेक्निशियन म्हणून उत्तम काम करता येतं. आणि पदवीवाल्यांनो, तुम्हालाही चप्पल हातानं शिवता आली पाहिजे. सुट्टीत एखाद्या कारागिराजवळ बसा. पट्ट्याची शिवण आतल्या बाजूनं आली तर ती कुठं घासते, हे पुस्तकातून कळत नाही.

आता मूळ काम. आधी रुग्णाची जुनी चप्पल मागून घ्या. ती उलटी करा, तळ कुठं झिजलाय बघा, मग आतून बोटं फिरवा. चवड्याखाली खोल खड्डा असेल तर तिथं दाब आहे. एकाच टाचेची बाहेरची कड संपली असेल तर चाल बघा, दोन्ही पायांची लांबी मोजा. आत हात घातल्यावर खडा, चुकीची बाजू वर आलेली टाचणी, एकदा तर शर्टाचं बटण निघालं होतं. ज्याची ती चप्पल होती, तो ती घालून बाजार करून आला होता. त्याला काहीच टोचलं नव्हतं. आपलं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं.

मग पाय. बोटांच्या बेचक्यात बघा, घट्टे आणि भोवऱ्या बघा, नखं बघा. जाणीव तपासायला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट वापरतात, म्हणजे नायलॉनची एक काडी. रुग्णाला आधी ती हातावर टेकवून दाखवा, म्हणजे तो काय शोधायचंय ते ओळखेल. मग डोळे मिटायला सांगा. काडी वाकेपर्यंत दाबा, सेकंदभर ठेवा, काढा. अंगठ्याचं टोक, पहिल्या आणि पाचव्या बोटाच्या मुळाशी चवडा, या तीन जागा. प्रत्येक जागी दोनदा खरं आणि एकदा न टेकवताच विचारायचं, "लागतंय का?" आमच्याकडचे आजोबा लोक डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून प्रत्येक वेळी "हो हो, लागतंय की" म्हणतात, ती खोटी फेरी त्यांच्यासाठीच असते. घट्ट्यावर काडी टेकवायची नाही, तिथं चांगल्या पायालाही कळत नाही.

हाताच्या मागच्या बाजूनं दोन्ही पायांचं तापमान बघायची सवय लावा, नंतर इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. एकाच जागी दोन पायांत २.२ अंश सेल्सिअसच्या वर फरक आला तर आत सूज आहे असं धरून चालायचं. पाय लाल, गरम, सुजलेला आणि तरीही फारसा न दुखणारा असेल तर माप घ्यायलाच बसू नका. तो शार्को असू शकतो, हाडं आतून ढासळत असतात. त्याला डॉक्टर आणि प्लास्टर हवं. उघडी जखम असेल तरीही हेच. चप्पल जखम होऊ नये म्हणून असते, झालेली भरून काढायला नव्हे. हा फरक रुग्णाला समजावताना तुमची निम्मी शक्ती जाणार आहे, कारण तो चपलेचे पैसे घेऊनच आलेला असतो.

माप उभं राहून घ्या, शक्यतो संध्याकाळी, पाय सुजतो तेव्हा. चपलेची आतली लांबी पायापेक्षा १ ते २ सेंटीमीटर जास्त हवी, रुंदी चवड्याइतकी, आणि बोटांवर उंची मोकळी. ठसा घ्यायला फोमचा डबा सोपा, पण त्यात पाय रुग्णाला दाबू देऊ नका. तो बसलेला असू द्या, गुडघा आणि घोटा तुमच्या हातात, आणि पाय तुम्हीच सरळ खाली ढकला. वजन टाकून दाबलेला सपाट पाय फोममध्येही सपाटच उमटतो, आणि मग तुम्ही त्याचा दोषच पुन्हा बनवून देता.

ठशात प्लास्टर ओता, साचा निघाला की त्यावर पेन्सिलीनं दाबाच्या जागा काढा. तिथं थोडं प्लास्टर वाढवायचं, म्हणजे इनसोलमध्ये तेवढी खोलगट जागा मिळते. ईव्हीएची, म्हणजे हलक्या फोमसारख्या प्लास्टिकची, शीट ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास मऊ होते. बाहेर काढून साच्यावर टाकून दाबून धरायची. इथं घाई लागते, गार पडायला लागली की ती ऐकत नाही. मेटाटार्सल पॅड, म्हणजे चवड्याचा दाब कमी करणारी छोटी गादी, लावायचा असेल तर तो चवड्यातल्या हाडांच्या गोळ्यांच्या मागं लावा. नवखी मुलं जिथं दुखतं तिथंच लावतात, म्हणजे दुखण्याखाली आणखी एक उंचवटा. मी लिपस्टिकनं पायावर खूण करून ती इनसोलवर उमटवून घेते. जुनी युक्ती आहे, आणि मार्करपेक्षा बरी.

मऊ म्हणजे चांगलं, हा गैरसमज पहिल्याच वर्षी सोडा. आत मऊ आणि खाली टणक, अशी जोडी लागते. हे ज्ञान आपल्याकडे कुष्ठरोगाच्या कामातून आलं. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडत नाहीत, जाणीव गेल्यामुळे न कळलेल्या जखमांनी ती जातात, हे त्यांनी दाखवून दिलं आणि चपलेचा कारखाना दवाखान्यात आणला. एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर, आजही तिथूनच चालत आलंय. वर साधारण १५ शोअर (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाचं एमसीआर, खाली न वाकणारा तळ, मागं पट्टा, आणि खिळा एकही नाही. त्याच चपलेचा दुसरा धडा असा की, ती एका ठरावीक नमुन्याचीच मिळायची, त्यामुळे गावात लांबूनच कळायचं की हा कुष्ठरोगी. लोकांनी ती कोनाड्यात ठेवली आणि अनवाणी फिरले. म्हणून दिसायला चारचौघांसारखी चप्पल बनवणं हा नखरा समजू नका, तो उपचाराचाच भाग आहे.

आमच्या भागात या पुढं कोल्हापुरीचा विषय येतोच. मला स्वतःला कोल्हापुरी जीव की प्राण, पण जाणीव गेलेल्या पायाला ती चालत नाही. अंगठ्याच्या कडीत बोट अडकवून चप्पल धरून ठेवावी लागते, कातडं कडक, मागं पट्टा नाही. पाय बधिर असेल तर चप्पल केव्हा निसटली तेही कळत नाही. गावच्या पाटलांना हे सांगायला धैर्य लागतं. मी वरचं कातडं आणि वेणी कोल्हापुरीसारखी ठेवून, अंगठ्याच्या कडीऐवजी रुंद वेल्क्रोचा पट्टा आणि मागं टाचपट्टा देते. तक्रार करतात, पण घालतात.

आणि ज्या गोष्टीवर कॉलेजात तासही नसतो ती सांगते. आपला माणूस दिवसातला बराच वेळ घरात असतो, आणि घरात चप्पल घालत नाही. तुम्ही कितीही भारी सँडल द्या, ती उंबऱ्याबाहेर राहते. स्वयंपाकघरात, न्हाणीत, अंगणात पाय उघडाच. म्हणून घरातली जोडी वेगळी बनवा. हलकी, पाण्यानं खराब न होणारी, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "ही बाहेर गेलेली नाही" हे दिसेल अशा वेगळ्या रंगाची. पांढरा तळ ठेवला तर डाग लगेच दिसतो. आजींना तेच पटतं. देवळाचं काय? उन्हाळ्यात फरशीवर प्रदक्षिणा घालून तळव्याला फोड आलेले लोक दरवर्षी येतात. त्यांना देवाला जाऊ नका म्हणायचं नाही. जाड मोजे घाला, सकाळी लवकर जा, घरी आल्यावर आरशात तळवे बघा, एवढं सांगायचं. वारकरी असेल तर वारीआधी महिना-दीड महिना चप्पल हातात पडली पाहिजे, कारण नवी चप्पल पहिल्या दिवशी तास-दोन तासच घालायची, काढून लाली बघायची, आणि वेळ हळूहळू वाढवायची. अर्ध्या तासात न जाणारी लाली दिसली की तिथं घासून कमी करायचं.

कॉम्प्युटरवर पाय ठेवून रंगीत चित्र देणारी मशीन आता सगळीकडे आहेत. वाईट नाहीत, पण ती घेऊन दुकान थाटायची घाई करू नका. लाल रंग दाब दाखवतो, बधिरपणा दाखवत नाही. सुरुवातीला तुम्हाला लागेल ते असं: मोनोफिलामेंट, ट्यूनिंग फोर्क (कंपन जाणवतं का ते बघायचा धातूचा चिमटा), मोजपट्टी, फोमचे डबे, ओव्हन, ग्राइंडर, चांगली रापी, शोअर मीटर. ग्राइंडरला धूळ ओढणारा पंखा पहिल्याच दिवशी बसवा. ईव्हीएचा भुसा आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा वास छातीत बसतो, हे मी वडिलांच्या खोकल्यावरून शिकले.

पहिली नोकरी शोधताना पगाराआधी एक गोष्ट विचारा: चप्पल दिल्यावर रुग्ण पुन्हा दाखवायला येतात का, आणि त्याची नोंद कुठं ठेवतात? नोंदवही नसेल तर तिथं तुमची चप्पल चांगली की वाईट हे तुम्हाला कधी कळणारच नाही. कुष्ठरोग रुग्णालयाच्या चप्पल विभागात एखादं वर्ष मिळालं तर घ्या. मधुमेहाच्या दवाखान्यात बसायला मिळालं तर ड्रेसिंगवाल्या सिस्टरच्या शेजारी बसा. आणि स्वतःचं सुरू केलंत की चपलेची किंमत आणि तपासणीची फी पावतीवर वेगवेगळी लिहा. फेरतपासणी मात्र पहिल्या वर्षी फुकट ठेवा, नाहीतर माणूस येत नाही.